हरलेल्या मुलाची आई

बुधवारी सकाळी अमेरिकेतल्या नवाहो आदिवासी राष्ट्राच्या अध्यक्षपदाचा निकाल रेडिओवर लागला आणि एमर्सन बिट्सिली हरला. म्हातारा विल्बर्ट मेनीगोट्स तेव्हा मेंढ्यांसाठी पिंपातलं पाणी ओतत होता. एमर्सननं मतदारांचे आभार मानले, मग आपल्या गावोगावच्या आयांचे मानले आणि त्यात विल्बर्टच्या बायकोचं अख्खं नाव घेतलं. गेलेल्या माणसाचं नाव आपल्यात कोणी घेत नाही. तिला जाऊन सात आठवडे झाले होते. साऱ्या राष्ट्राचा कारभार हाकायला निघालेल्या माणसाला एवढी बातमी असायला काय हरकत होती?

नातं उन्हाळ्यात जुळलं. प्रचारसभेत ओळख देताना एमर्सननं आपली चार कुळं सांगितली. पहिलं कुळ आईकडून येतं, आणि नेमकं तेच विल्बर्टच्या बायकोचं निघालं.

"म्हणजे तू माझी आईच की!" तो म्हणाला.

अशा आया त्याला निवडणुकीपर्यंत तीनेकशे तरी मिळाल्या असतील. पण तिला तो खराच मुलगा वाटला. तिनं त्याला मटण खाऊ घातलं, कुंपणावर त्याच्या प्रचाराचा फलक ठोकला आणि घरापर्यंत नळ यावा म्हणून केलेला अर्ज त्याच्या हातात दिला. चाळीस वर्षं तिनं पिंपं वाहिली होती.

"मी जातीनं लक्ष घालतो," तो म्हणाला.

शनिवारी तो स्वतः आला. विल्बर्टला वाटलं, उशिरा का होईना, भेटायला आला.

"बाबा, फलक न्यायला आलोय. चार वर्षांनी परत लागेल."

"ने. जोर लागेल जरा. खिळे तुझ्या आईनं ठोकलेत."

"आई कुठाय?"

"सप्टेंबरात गेली."

एमर्सननं खिळे काढायला आणलेली पक्कड खाली केली. "मला कोणी सांगितलं नाही."

"सांगणार कसं? तू आया शोधत हिंडत होतास."

"मग रेडिओवर मी..."

"ऐकलं ना. मेंढ्यांनीही ऐकलं. तिचा पाण्याचा कागद कुठाय?"

"प्रचाराच्या ऑफिसात होता. ते काल रिकामं केलं." तो चाचरला. "दुसरा भरा, बाबा. कोणाला भेटायचं ते मी सांगतो."

"जागा तिच्या नावावर आहे. म्हणजे अर्ज मंजूर करून घ्यायला गावच्या बैठकीत उभं राहून मला तिचं नाव घ्यावं लागणार. तुला सवय आहे, तूच येऊन घे."

एमर्सननं फलक गाडीत टाकला आणि तो गेला.

नळाची लाइन अजून दीड मैलावर, पवनचक्कीपाशीच थांबली आहे. दुसरा अर्ज कोणी भरलेला नाही.