डिरेलरमधली निळी दोरी

तेलाच्या बाबतीत ओडील भारी खवट माणूस. साखळीच्या सांध्याला एकेक थेंब, मग फडक्याने नीट पुसायचं, बाहेर राहिलेलं तेल नुसती माती ओढतं, हे त्याने अख्ख्या गावाला ऐकवून झालं होतं. गाव त्याला टाळायला लागलं तरी याचं आपलं चालूच. बायको, आलिडा, होती तोवर ऐकायला ती तरी होती. ती गेल्यापासून तो स्वयंपाकघरात एकटाच पुटपुटत असे.

आज एक नोव्हेंबर, मृतांच्या कबरींवर फुलं वाहायचा सर्व संतांचा सण. सकाळी आलिडाच्या कबरीवर शेवंतीची कुंडी ठेवून बापलेक घरी आले. वाउटर, त्यांचा एकुलता एक, कॉर्त्रेइक शहराहून सायकल मारत आला होता. वसंतातल्या ईस्टरनंतर आज उगवला होता.

"गिअर अडकतोय बाबा," कॉफी पिता पिता तो म्हणाला. "निघायच्या आधी जरा बघता का?"

बघता का, म्हणे! ओडीलने कप तसाच ठेवला आणि सायकल शेडमध्ये नेऊन टांगलीसुद्धा. कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरची दोन्ही दातेरी चाकं काळ्या राडीने भरून गेली होती.

"स्वतःचे दात घासतोस ना रोज?" त्याने जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवला. "मग हे कुणी घासायचे?"

"वेळ कुठे मिळतो बाबा? रविवारीसुद्धा काम. ईस्टरनंतर या बाजूला फिरकायलाच जमलं नाही."

"कळतं रे मला," ओडील म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं. पोराला कामातून मान वर करता येत नाही, असं तो शेजारीपाजारी सांगत फिरायचा. दर रविवारी टेबलावर दोन कप मांडायचा आणि दुपारी एक तसाच कपाटात ठेवायचा.

त्याने स्क्रू सैल केला आणि वरचं चाक हातात घेतलं. आसाभोवती काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं. वर तेलामातीचा थर वाळून कडक झाला होता. चिमट्याने ओढून त्याने ते रॉकेलमध्ये खळबळलं. दोरीचा तुकडा होता. निळा.

ओडीलने तो उजेडात धरला. बाकी सगळे बिअरसाठी लावलेले हॉप्सचे वेल तारेवर चढवतात. निळी दोरी वापरणारा हट्टी म्हातारा पंचक्रोशीत एकच, समोरचा मॉरित्स. सप्टेंबरात वेल कापून नेताना तिचे तुकडे गल्लीभर सांडतात, आणि महिना संपायच्या आत मॉरित्स गल्ली झाडून लख्ख करतो. ही गल्ली ओडीलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालूनच जाते, तिच्यात शिरायला दुसरीकडून वाट नाही. म्हणजे पोरगा आला होता. खिडकीखालून आला, टेबलावर कप मांडलेला असताना, आणि न थांबता पुढे निघून गेला.

"काय निघालं?" वाउटरने मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं.

शब्द ओडीलच्या अगदी ओठांवर आले होते. विचारलं असतं तर पोरगा लाजला असता, दोनदा माफी मागितली असती, आणि पुढच्या वेळी ही गल्लीच टाळून लांबच्या रस्त्याने गेला असता.

"गवत," तो म्हणाला आणि तुकडा खिशात टाकला.

मग तो नेहमीसारखाच कामाला लागला. खालच्या चाकात ग्रीस भरलं, स्प्रिंगला आणि सांध्यांना थेंब थेंब तेल दिलं, पुसून घेतलं. वरचं चाक उचललं. रॉकेलने त्यातलं जुनं ग्रीस पार धुऊन गेलं होतं. ग्रीसच्या डबीपर्यंत त्याचा हात गेला आणि परत आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक चाक कोरडंच बसवलं. एकदा पाण्यात भिजलं की ते असं किंचाळायला लागेल की गल्लीच्या टोकापासून ऐकू यावं.

वाउटरने पेडल फिरवून पाहिलं. "आवाजच नाही! तुमच्यासारखा हात कुणाचा नाही बाबा."

"जपून जा. वेळ मिळेल तेव्हा ये."

"येतो ना. बघतो पुढच्या महिन्यात."

ओडील फाटकाशी उभा राहिला, वाउटर वळणाआड जाईपर्यंत.

रविवारी पहाटेपासून पाऊस लागला होता. ओडीलने टेबलावर एकच कप मांडला, रेडिओ बंद केला, आणि तसल्या थंडीत खिडकी सताड उघडून बसला.