रस हेडलंडने लपवलेले फोड

अंतराळवीर खोटं बोलतात. ताप, पुरळ, डोकेदुखी, सगळं दडपतात. डॉक्टरला कळलं तर पुढचं उड्डाण जाईल, ही भीती. आणि आम्ही ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रातले लोक त्याला धाडस म्हणतो. माझं काम त्यांची लाळ तपासायचं, म्हणून मला ठाऊक आहे. वर राहिलं की शरीराचा पहारा ढिला पडतो. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसांत दडून बसलेला असतो, तो उठतो आणि लाळेत उतरतो.

रस हेडलंड सहा महिन्यांनी उतरला. तिसऱ्या दिवशी त्याने चघळलेला कापसाचा बोळा माझ्याकडे आला. विषाणूने भरलेला. मी फोन केला.

"वर अंगावर काही उठलं होतं का रे?"

"बरगडीवर चार फोड. घामोळं असेल."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"नदीन, तू काय माझी आई आहेस?"

त्याची बायको लोर्ना इस्पितळात होती. रक्ताचा कर्करोग. दुसऱ्याची अस्थिमज्जा नुकतीच चढवलेली. ती रुजेपर्यंत साधी सर्दीही तिचा जीव घेणार.

"नमुना खराब झाला म्हणून लिही," तो म्हणाला. "एकदा तिचा हात धरतो. बस."

"नाही लिहिणार."

"काळीज आहे का गं तुला?"

इस्पितळाला मीच कळवलं. त्याचा तोल अजून जात होता, म्हणून गाडीही मीच चालवली. त्याला काचेबाहेर थांबवलं. आतून लोर्नाने फोन उचलला.

"चारशे किलोमीटरवरून चार फुटांवर आलास," ती हसली. "अजून सहा महिने दिले तर पलंगापर्यंत पोचशील, हेडलंड."

तो हसला नाही. "मी फोड लपवले, लोर्ना. बोललो असतो तर वरच औषध मिळालं असतं. आज आत असतो."

"का लपवलेस?"

"पुढच्या उड्डाणासाठी."

"मला तरी सांगायचंस," ती म्हणाली, आणि फोन नर्सच्या हातात दिला.

पाच दिवसांनी ती गेली. छातीत भलताच जंतू शिरला होता. रसचा विषाणू तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तू बरोबर केलंस, असं सगळे मला सांगतात. सांगू देत.

नंतरच्या आठवड्यात रसचा बोळा स्वच्छ निघाला. निकाल त्याच दिवशी कळवायचा, असा आमचा नियम. मी कळवला.

"बरं," तो म्हणाला. मागे ताटल्यांचा आवाज येत होता, कुणीतरी कॉफी हवी का विचारत होतं. लोर्नाला पुरून माणसं नुकतीच घरी जेवायला आली होती.