दहावं नाणं

लोक नवीकोरी, चकचकीत नाणी जमवतात. कंडक्टरबाई झिजलेली जमवायच्या. अठ्ठावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून निवृत्त झालेल्या बाईने घरी बसून दुसरं काय जमवायचं, असं त्यांच्या धाकट्या भावाला वाटे. "ताई, लोकांनी वापरून वापरून जे टाकून दिलं, तेच तू उचलून आणतेस," असं तो म्हणायचा. त्यावर बाई त्याच्या विरळ झालेल्या डोक्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "तुला नाही का ठेवून घेतलं?"

संग्रह म्हणजे तरी केवढा, एक लाकडी चौकट आणि तिच्यात दहा गोल खाचा. सगळ्या खाचांत एकच नाणं. पूर्वी बसच्या तिकिटाला चालायचं ते, जहाजवालं. पहिल्या खाचेतलं अगदी कोरं. जहाजाच्या दोऱ्यासुद्धा मोजून घ्याव्यात. तिथून एकेक पायरी खाली उतरत जायचं. तिसऱ्यात दोऱ्या गेल्या, पाचव्यात शिडं विरली, नवव्यात जहाजाचं नुसतं बूड उरलं. दहाव्यात वरवर काहीच दिसायला नको होतं, पण उजेडात तिरपं धरलं की इथे एक जहाज होतं बरं का, एवढं कळायला हवं होतं. तेही कळलं नाही तर तो पत्र्याचा तुकडा, मग त्याला नाणं कोण म्हणणार? असं काठावरचं नाणं बाईंना सहा वर्षं सापडत नव्हतं.

"तुझं जहाज नवव्या खाचेपर्यंत छान बुडतं आणि मग अडकून बसतं," नवरा म्हणायचा. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. पन्नास वर्षं भिंग लावून एका डोळ्याने जग बघितल्यामुळे त्याचं बोलणंही जरा बारीकच असायचं.

यंदा मात्र प्रश्न इभ्रतीचा होता. नाण्यांच्या प्रदर्शनात हौशी संग्राहकांची वेगळी टेबलं असत आणि बाईंना पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. चार वाजता परीक्षक फिरणार होते. त्याच्या आत दहावी खाच भरायची, बाईंनी पक्कं ठरवलं होतं. एवढे विक्रेते येणार, त्यात एक झिजकं नाणं मिळू नये?

गाडी भावाने चालवली. सिगरेट सोडून त्याला अकरा दिवस झाले होते आणि तो ते दर सिग्नलला सांगत होता.

"मनात आणलं की होतं रे," घड्याळजी मागून म्हणाले. "मी बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी ठरवलं, संपलं. परत आठवणसुद्धा नाही."

"भाऊजी, तुमचं मन म्हणजे घड्याळ. चावी दिली की चाललं. आमचं तसं नाही ना."

"चावी ज्याची त्यानेच द्यायची असते."

"अहो, पुरे," बाई म्हणाल्या. "तो चालवतोय. पुढे ट्रक आहे."

प्रदर्शन एका शाळेच्या व्यायामशाळेत भरलं होतं. दारात धातू ओळखणारी चौकट उभी केली होती. नाण्यांच्या प्रदर्शनाला असली चौकट लावायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली होती कोण जाणे. जो आत शिरेल तो वाजत होता. पहारेकऱ्याचे कान किटले होते. "खिसे रिकामे करा, ट्रेमध्ये ठेवा," तो झोपेत बोलल्यासारखा म्हणत होता.

घड्याळजींनी किल्ल्या ठेवल्या, चिमटा ठेवला, भिंग ठेवलं आणि पुढे पाऊल टाकलं. चौकट वाजली.

"आणखी काय आहे?"

"काही नाही."

"उजव्या मुठीत काय आहे, आजोबा?"

"चिल्लर," घड्याळजी म्हणाले आणि मूठ पाठीमागे नेली. त्यांचे कान लाल झाले. मागे रांग खोळंबली होती, पहारेकऱ्याने हात हलवून त्यांना आत सोडलं. बाईंनी ते पाहिलं. सुटे पैसे लपवणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती आणि त्यांचे कान असेच व्हायचे. पण आत टेबल मांडायचं होतं, म्हणून त्यांनी चौकशी पुढे ढकलली.

टेबल बास्केटबॉलच्या जाळीच्या बरोबर खाली आलं होतं. भावाला तिथे राखणीला बसवून बाई शोधाला निघाल्या. सोन्याची नाणी, राजांची नाणी, भोकाची नाणी, चौकोनी नाणी, सगळ्यांसमोरून त्या थांबा नसलेल्या बससारख्या निघून गेल्या. झिजलेलं मागितलं की विक्रेते त्यांच्याकडे दयेने बघत. एकाने तर खाली वाकून खोक्यातलं रद्दी सामानच पुढे केलं. तीन वाजून गेले तेव्हा कोपऱ्यातल्या एका विक्रेत्याने निळ्या मखमलीवर ते ठेवलं. जहाजवालं, गुळगुळीत, तिरपं धरलं की बुडाची पुसट रेघ.

बाईंनी ते झटकन उचललं. मग त्यांनी डोळे मिटले आणि नाणं बोटांत फिरवलं. अंधारात, धक्क्यात, एका हाताने दांडा धरून त्यांनी लाखो नाणी अशीच ओळखली होती.

"हे मशीनच्या पट्ट्यावर घासलंय," त्या म्हणाल्या.

"काय बोलता बाई! शंभर टक्के वापरातलं आहे."

"वापरात कड आधी मरते. ही बघा, पात्यासारखी लागतेय. हे जहाज बुडलेलं नाही हो, बुडवलंय."

विक्रेत्याने नाणं मखमलीत गुंडाळलं.

बाई टेबलाशी परतल्या आणि मटकन बसल्या. साडेतीन झाले होते. शेजारच्या टेबलावर कुणाची तरी चारशे नाणी रांगेत झळकत होती. आपली चौकट बाईंना एकदम पुढचा दात पडलेल्या पोरीसारखी दिसली.

"राहू दे ताई," भाऊ म्हणाला. "नऊ काय कमी आहेत?"

"दहा पायऱ्यांचा जिना आहे रे. शेवटची नसली की माणूस तोंडावर पडतो."

घड्याळजी इतका वेळ मागे उभे होते. त्यांनी एकदा घसा खाकरला, एकदा जाळीकडे पाहिलं आणि उजवी मूठ बाईंच्या पुढ्यात उघडली.

"घे."

नाणं ऊन होतं. पाहण्याआधीच बाईंच्या अंगठ्याला कडेची चीर लागली आणि त्यांना सगळं आठवलं. बावीस वर्षांपूर्वी सिगरेट सोडताना या माणसाचे हात असे काही थरथरायला लागले होते, की एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात त्याने तास काट्याच्या जागी मिनिट काटा बसवला होता. तेव्हा कडेला चीर पडल्यामुळे कुणी घेईना म्हणून आपल्याच गळ्यात पडलेलं एक नाणं बाईंनी पिशवीतून काढून दिलं होतं. 'हात रिकामा राहवत नसेल तर हे चोळत बसा.' पुढे त्या ते साफ विसरल्या.

आता त्याच्यावर अंगठ्याएवढा खळगा पडला होता. तिरपं धरलं की खळग्याच्या तळाशी एक पुसट छाया दिसे. जहाज होतं, बरं का.

"तुम्ही तर म्हणता, एका सकाळी ठरवलं आणि सुटली."

"सिगरेट सुटली," घड्याळजी म्हणाले. "हे नाही सुटलं."

"म्हणजे अजून तल्लफ येते? रोज?"

"छे, रोज कुठली." ते बोटांवर मोजू लागले. "दुपारचा चहा झाला की. समोर कुणी पेटवली की. आणि तुझी शेवटची फेरी उशिरा यायची तेव्हा जरा जास्तच."

"म्हणजे भाऊजी, सकाळी गाडीत तुम्ही मला…"

"तू गप्प बस," दोघं एकदमच म्हणाले.

बाईंनी नाणं दहाव्या खाचेत बसवलं. टप्प असा आवाज झाला. दहाच्या दहा. जिना पुरा झाला, जहाज नीट तळाशी गेलं. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, आणि ते रोज रात्री त्यांच्याच खुंटीवर, विजारीच्या खिशात लटकत होतं. बाईंना हसू आलं आणि डोळ्यांतही काहीतरी आलं.

मग त्यांची नजर नवऱ्याच्या हाताकडे गेली. हात खिशात गेला, काही न सापडल्यासारखा बाहेर आला, सदऱ्याचं बटण धरून बसला, मग ते सोडून परत खिशात गेला. चेहरा मात्र अगदी निवांत. "छान दिसतंय," तो म्हणत होता. हात तिसऱ्यांदा खिशात गेला.

बाईंनी भिंग उचललं, डोळ्याला लावलं आणि बराच वेळ वाकून पाहिलं.

"अहो, हे नाही चालायचं."

"का?"

"डोलकाठी दिसतेय. कच्चं आहे अजून."

"कुठे? बघू." घड्याळजींनी भिंग घेतलं. ज्या डोळ्याने त्यांना केसाहून बारीक कमानी दिसत, त्या डोळ्याने त्यांनी नाणं पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. डोलकाठी कुठेही नव्हती.

"हो गं," ते हळूच म्हणाले. "आहे खरी जराशी."

"मग? आणखी थोडी वर्षं लागतील." बाईंनी पिनेने नाणं खाचेतून उचकटलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. मूठ मिटली, खिशात गेली आणि तिथेच राहिली.

भाऊ हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होता. "ताई," तो शेवटी म्हणाला, "मला पण दे ना एखादं न खपणारं."

"तुला न खपणारं कशाला? तू आहेस की तेवढा." असं म्हणत बाईंनी पहिल्या खाचेतलं कोरं नाणं उचकटून त्याला दिलं.

त्याने अंगठा फिरवला. "बोचतंय गं."

"दोऱ्या आहेत तोवर बोचणारच. घास."

चार वाजता परीक्षक आले. उंच, वाकलेले, हातात कागदाचं पॅड. चौकटीवर त्यांनी बोट फिरवलं आणि ते दोन रिकाम्या खाचांवर थांबलं.

"पहिलं आणि शेवटचं कुठे आहे?"

"झिजायला दिलीत," बाई म्हणाल्या.

"कुणाला?"

बाईंनी हनुवटीने दाखवलं. जाळीखाली मेहुणे-मेहुणे शिक्षा झालेल्या पोरांसारखे शेजारी शेजारी उभे होते, दोघांचे उजवे हात खिशात आणि दोघांचे खिसे आतून हलत होते.

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पॅडवर काहीतरी लिहिलं, मग ते खोडलं.

"आणि तयार कधी होतील?"

"घाई नाही," बाई म्हणाल्या.