फक्त मी

बाळाच्या मुठीतून कीबोर्डची वायर सोडवत तिने वेबसाइटचं पान पुन्हा एकदा ताजं केलं. निळी पट्टी आली, फर्निचरच्या दुकानाचं नाव आलं, खाली खुर्च्यांचे फोटो. सकाळपासून हे पान तिच्यापुढे असं शहाण्यासारखं उघडत होतं.

"इकडे काही नाही," फोनवर टीमलीड म्हणाला. "नुसतं गरगर फिरतंय."

"माझ्याकडे तर उघडतंय, सर."

"तुझ्याकडे उघडून काय करायचंय? गिऱ्हाईक काय तुझ्या घरी येऊन मांडी घालून बघणार आहे?" मग त्याचा आवाज जरा उतरला. "हे बघ, सुट्टीनंतरचं तुझं पहिलं काम आहे. घरून हिला झेपणार नाही म्हणणाऱ्यांना मी शब्द दिलाय. चारला दुकानवाले बघायला बसतील. मी मीटिंगमध्ये चाललो. बाहेरच्या कुणाला तरी उघडून बघायला सांग आणि मला कळव."

बाहेरचं कुणीतरी. तिने फोन ठेवला आणि कीबोर्ड पुढे ओढला.

वेबसाइट ज्यावर ठेवली होती तो सर्व्हर म्हणजे हात लावता येईल असं काही नव्हतंच. कुठल्याशा दूरच्या इमारतीतल्या मोठ्या यंत्रात भाड्याने घेतलेला एक कोपरा, यंत्रातलं यंत्र. आत सगळं सुरळीत चालू होतं, म्हणजे अडत होतं ते दाराशी. तिने परवानग्यांचं पान उघडलं. दोन दारं होती: एक आत शिरून काम करायचं, दुसरं वेबसाइट बघायला येणाऱ्यांचं. कुणाला सोडायचं, या रकान्यात दोन्हीकडे तिनेच निवडलं होतं, 'फक्त मी', म्हणजे फक्त या घरच्या इंटरनेटवरून येणारा.

यादीत वर 'कुठूनही, कोणीही' असा पर्याय होता, तो तेव्हा तिने दोनदा वाचला होता. कोणीही म्हणजे अगदी कोणीही? शिंकणारे, खोकणारे, हात न धुता गाल ओढणारे? हात आपोआप खालच्या ओळीवर गेला होता.

पहिलं दार तिने तसंच ठेवलं; तिथे दुसऱ्या कुणाचं कामच नव्हतं. दुसऱ्याला 'कुठूनही' केलं. पान ताजं केलं. निळी पट्टी, खुर्च्या. तिला काही फरक दिसला नाही, आणि तिथे बसून दिसणारही नव्हता.

मोबाइल घरच्याच वायफायवर होता. डेटा पॅक संपला तो तिने पुन्हा भरलाच नव्हता; घराबाहेर पडतं कोण? नवरा बोटीवर, रेंज नसलेल्या समुद्रात. तिने नावं वर सरकवली. मैत्रिणीला शेवटचा मेसेज, 'बाळाच्या गडबडीत आहे गं, नंतर बोलते.' त्याखालच्या मैत्रिणीला तोच. वहिनीलाही तोच. इतक्या महिन्यांनी तोंड उघडायचं, आणि ते 'ही लिंक बघ' म्हणायला? अंगठा वरखाली होत राहिला.

चार वाजत आले तसं तिने बाळाला कडेवर घेतलं, मोबाइल आणि घराची चावी उचलली आणि समोरच्या काकूंचं दार ठोठावलं.

काकूंच्या गळ्यात शिवणाची टेप होती. "अगंबाई! त्या दारातून माणसं बाहेर पण येतात होय?"

"काकू, तुमच्या मोबाइलवर नेट आहे ना? एक पान उघडून बघायचंय."

"आहे तर. लेक तिकडून दर महिन्याला भरतो. त्याला बोलायला वेळ नसतो, भरायला असतो."

तिने त्यांच्या फोनवर पत्ता टाकला. बारीकशी रेघ सरकत गेली, अडली, पुन्हा सरकली. निळी पट्टी.

"दिसतंय ना तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं? मोतीबिंदू काढलाय मी. खुर्च्या घ्यायच्यात का तुला?"

ती हसली. खूप दिवसांनी हसल्यासारखा तो आवाज जरा खरखरीतच निघाला. वायफायची शेवटची काडी जिन्यापर्यंत येत होती, तेवढ्यावर तिने टीमलीडला कळवलं.

बाळाने काकूंची टेप पकडली. काकूंनी हात पुढे केले आणि मध्येच मागे घेतले. "थांब, धुवून येते." हात पुसत परत आल्या आणि त्यांनी बाळाला घेतलं. "केवढी झाली गं ही! आणि मी आज बघतेय. किती वेळा येऊन बेल दाबली तुझी, डबा घेऊन उभी राहायचे. मग म्हटलं, नको असेल पोरीला. ती तुझी चष्मेवाली मैत्रीणसुद्धा दाबून दाबून गेली मागे."

"बेल?"

"बेलच. दुसरं काय दाबणार?"

"एक मिनिट धरा हं हिला," म्हणून ती घरात गेली. टेबलाखाली बाळाचं खेळण्यातलं ढोलवालं अस्वल आडवं पडलं होतं. बाळ घरी आलं त्याच दिवशी, दचकेल म्हणून, तिने बेलचे सेल काढून ठेवले होते; पुढे ते अस्वलाला लागले. त्याच्या पाठीचं झाकण उघडून तिने ते बाहेर काढले आणि स्टुलावर चढून बेलच्या डबीत बसवले.

मग ती बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि स्वतःच्याच घराची बेल दाबली. आत, रिकाम्या घरात, ती खणखणीत वाजली. बाळाने मान वळवली.

"अगं, घरात कोण आहे उघडायला?" काकू म्हणाल्या.

"कुणी नाही. बाहेरून वाजवून बघतेय."

आणि तिने पुन्हा एकदा दाबली.