गोठ्यातला शेवटचा गोचीड

मी गोचीड बोलतोय. जळकोटच्या शिवारात माझ्यासारखा पहिलवान दुसरा न्हाय. एवढी थोरली म्हैस मी एका चाव्यात खाली बसवलीय! आता खरं सांगायचं तर म्हैस दुपारी बाराला रोजच खाली बसते; मी चावलो नसतो तरी बसली असती. आणि रक्त पिऊन बोराएवढ्या फुगतात त्या आमच्या बाया. आम्ही गडी कडंकडंनं चाखतो आणि नुसत्या गप्पा हाणतो.

माझा जन्म शाळेच्या भिंतीच्या फटीतला. पलीकडं दुसरीचा वर्ग, त्यामुळं बाराच्या पाढ्यापर्यंत शिकलो. तेराचा चालू होणार, तेवढ्यात एक लंगडं कुत्रं भिंतीला अंग घासायला आलं आणि माझी शाळा सुटली. कुत्र्याच्या कानातून बब्रुवानच्या गोठ्यात आलो, तिथून पाखऱ्या बैलाच्या कानामागं. वय म्हणाल तर सव्वा वर्ष. आमच्यात एवढ्या वयाला आजोबा म्हणतात, पण खोड्या काही सुटल्या न्हाईत. बब्रुवान धार काढायला बसला की म्हशीवर पाहुणा जायचो आणि अशा जागी चावायचो, की शेपटी बरोबर त्याच्या तोंडावर बसावी. तो म्हशीला शिव्या द्यायचा. म्हैस गरीब, तिनं माझं नाव कधी सांगितलं न्हाय.

उन्हाळ्यात बब्रुवानची लेक शिवांजली जर्मनीहून घरी आली. तिथं ती दवाखान्यात नर्स. चार महिन्यांची रजा घेऊन आली ती ओसरीवरच्या बाजेवर आडवीच झाली. भाकरी थापायला बसली तर दुसऱ्या भाकरीला मनगटं धरायची. आज हा गुडघा, उद्या तो. बोलता बोलता शब्द हरवायची. एकदा 'परात' आठवेना, तर "ते गोल, पीठ मळायचं" असं हातानं दाखवत राहिली आणि डोळ्यांत पाणीच आलं.

बब्रुवानची बहीण गजराबाई, तिच्या तोंडाला कुठलं आलंय झाकण! ती म्हणाली, "काय गं, जर्मनीत झोपायची नोकरी हुती का?"

"तिथं रानात फिरायला गेले, आत्या. गोचीड चावला. तिळाएवढा. पायावर लाल चट्टा उठला, रोज रुंद होत गेला, ताप आला. लाइम म्हणतात त्या आजाराला."

"मग गोळ्या खाल्ल्या न्हाईस?"

"तीन आठवडे खाल्ल्या. चट्टा गेला, ताप गेला."

"मग आता कसलं नाटक?"

"नाटक असतं तर मधी चहाला तरी उठले असते, आत्या."

गोचिडाचं नाव निघाल्याबरोबर मी कानामागं ताठ झालो. सातासमुद्रापलीकडचा कोण तो तिळाएवढा कार्टा, आणि बदनामी आमच्या अख्ख्या खानदानाची! आम्ही काही धुतल्या तांदळासारखे न्हाय, ढोरांना ताप आम्हीही देतो. पण हा उद्योग आमचा न्हवं. देवाशप्पथ.

बब्रुवाननं मात्र एकच शब्द उचलला होता, गोचीड. चाळीस वर्षं ढोरं सांभाळलेला माणूस. गोचीड काढले की ढोर तरतरीत होतं, हे त्याला पाठ. मग लेकीला वेगळा कायदा कशाला? सकाळीच त्यानं फवारणीचा पंप पाठीला लावला, डबड्यात डिझेल घेतलं, टेंभा पेटवला आणि गोठ्याची एकेक फट शेकायला सुरुवात केली.

"अवो, पोरीला जर्मनीत चावलंय. हितली भिंत का जाळताय?" त्याची बायको सारजाबाई म्हणाली.

"तू गप. ह्या घरात एक बी ठेवायचा न्हाय."

माझे भाऊबंद टपाटपा डिझेलात गेले. मी पाखऱ्याच्या कानाच्या घडीत श्वास रोखून बसलो.

दुसऱ्या दिवशी बब्रुवान बाजेपाशी उभा. धुरानं डोळे लाल, बोटांना डिझेलचा वास. "ऊठ बाळा. गोठा साफ झाला. आता बरं वाटंल."

पोरगी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि उठली. बांधापर्यंत गेली, पेंढीभर वैरण घेऊन हसत परत आली. बब्रुवान पारावर जाऊन चारचौघांत सांगून आला. पुढचे दोन दिवस पोरीला उशीवरून डोकं उचलवेना. मी खोडकर खरा, पण त्या दोन दिवसांत मला एक खोडी सुचली न्हाय.

तिसऱ्या दिवशी तिनं तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. बाई म्हणाल्या, "जंतूंचं काम गोळ्यांनी केलंय. त्याच गोळ्या परत घेऊन फायदा नाही. थकवा, सांधे, विसरणं हे मागं रेंगाळतं. कुणाचं काही महिने, कुणाचं जास्त. बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. पण दुखणं खरं आहे. एका दिवशी सगळी ताकद खर्चू नकोस."

बब्रुवान खांबाला टेकून ऐकत होता. "जंतू मेले म्हणती आन् दुखणं खरं म्हणती. दोन्ही कसं खरं असंल?" असं पुटपुटत तो पुन्हा गोठ्यात शिरला. एखादा राहिला असंल, ही एकच आशा. आणि त्याच्या बोटाला मी लागलो.

तर सध्या मुक्काम बब्रुवानच्या तळहातावर. मंडळी, शेवटचं मागणं ऐका. रानातून आलात की अंग तपासा. आम्ही चिकटलेले दिसलो तर चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढा. विडीचे चटके देऊ नका, त्यात दोघांचंही नुकसान. मला डिझेलात टाका, तक्रार न्हाय. फक्त जो चावला त्याच्याच नावानं बोंब मारा.

बब्रुवान बाजेपाशी आला, मूठ उघडली.

"ह्यो बघ, शेवटचा. पाखऱ्याच्या कानात दडला हुता. आता तरी उठशील न्हवं?"

शिवांजलीनं माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं. गोठ्यात पाखऱ्या रवंथ करत होता.

"आप्पा, पाखऱ्याला लम्पी झाली तवा गाठी महिन्याभरात गेल्या. मग जू त्यानं किती महिन्यांनी घेतलं? तवर तुमी त्याच्या तोंडापुढं वैरण नेऊन ठेवत हुता, पाठीवरनं हात फिरवत हुता. त्याला एकदा तरी 'ऊठ' म्हणालात का?"