वीतभर खिडकी

"हे भोक कशासाठी ठेवलंय?"

गाडी विकत घ्यायला आलेले मुंबईचे साहेब तिच्या हौद्यात ओणवे होऊन विचारत होते. पँटीला ग्रीस, पांढऱ्या शर्टाला लाल माती. एवढा मोठा माणूस सकाळपासून चार वेळा गाडीखाली शिरून आला होता आणि दर वेळी जास्तच खूश होऊन बाहेर येत होता.

रावजी बॉनेटला टेकून उभा होता. तो काही बोलायच्या आत गाडीचे मालक बाबाजीशेट म्हणाले, "मागचं बघायला हो. आंब्याच्या पेट्या नीट आहेत का, ताडपत्री उडाली का. आमच्या दादांच्या वेळचं आहे ते."

"व्हय," रावजी म्हणाला. "मागचां बघायला."

हे साफ खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्या मांगराच्या छपराखाली उभ्या असलेल्या दोनच माणसांना ठाऊक होतं. एक रावजी आणि दुसरा मी. मी पालीच्या शाळेत मास्तर. मला त्यात काही काम नव्हतं. पण गावात काही घडत असलं की मला घरी बसवत नाही.

गाडी छत्तीस सालची हडसन. लढाईच्या आधी शेटच्या वडिलांनी, दादाशेटांनी, ती मुंबईच्या एका वकिलाकडून घेतली. पंधरा पावसाळ्यांत मागचा पत्रा गंजून त्याची चाळण झाली. दादाशेट व्यवहारी माणूस. त्यांनी विठू सुताराला बोलावलं, मागचा भाग दरवाजांसकट कापून काढला आणि तिथे फणसाच्या लाकडाचा हौदा बसवून घेतला. दोन बाजूंना बाकडी, वर ताडपत्री. पुढच्या सीटच्या पाठीमागे आडवी-उभी फळ्यांची भिंत. पुढून नवरदेव, मागून हमाल, अशी त्या गाडीची गावात थट्टा व्हायची. पण बाजाराला जायचं तर सगळे त्यातच बसायचे. रावजी तिचा ड्रायव्हर. फळीत वीतभर खिडकी ठेव, असं विठूला त्यानेच सांगितलं, आणि दादाशेटांना कारण सांगितलं मागचं बघायचं.

खरं कारण सीता. त्याची बायको.

रावजीच्या घरात चार भाऊ, चौघांच्या बायका, पोरंबाळं आणि सगळ्यांवर डोळा ठेवून ओटीवर बसलेली म्हातारी. त्या काळी वडीलधाऱ्यांदेखत नवराबायकोने एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. रावजीला तहान लागली तर तो भिंतीकडे बघून म्हणे, "कोन पानी देता काय?" मग सीता तांब्या भरून पुतण्याच्या हाती पाठवी. रात्रीसुद्धा माजघरात हारीने बायका-पोरं आणि पडवीत हारीने पुरुष. एवढ्या गर्दीत राहीसारखी गोड मुलगी त्यांना झाली, हा देवाचा चमत्कारच म्हणायचा.

बाजाराच्या दिवशी मात्र सीता आमसुलं आणि फणसपोळ्यांची पाटी घेऊन रत्नागिरीला निघायची. पुढची सीट शेटची. शेट नसले आणि सीट रिकामी असली तरी ड्रायव्हरची बायको तिथे बसली असती तर गावाने महिनाभर चघळलं असतं. सीता मागे बसायची, फळीला लागून, खिडकीपाशी. पाली मागे पडली की तिचं तोंड सुरू. मीठ मागितलं तर जाऊबाईंनी कसं तोंड केलान, राहीला दात आला, तुमच्या सदऱ्याचां बटान तुटलाय, काडून ठेवा, मी गुपचूप लावीन. रावजी रस्त्यावरची नजर न काढता उत्तरं द्यायचा. हसायचा. भांडायचासुद्धा. गाडीच्या घरघरीत बाकीच्यांना काही ऐकू जात नसे. मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात होतो आणि माझी जागा सीतावहिनीच्या पाटीशेजारी ठरलेली. कान असलेल्या माणसाने किती दिवस बहिऱ्याचं सोंग करावं? रावजीचा सगळा संसार पाली ते रत्नागिरी या रस्त्यावर झाला, हे मी आज शपथेवर सांगेन.

सीतावहिनी गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली. त्याच सुमारास बाबाजीशेटांनी टेम्पो घेतला आणि हडसन मांगरात गेली. रावजी रोज सकाळी येऊन तिला पुसायचा, चालू करायचा आणि स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून नुसता बसून राहायचा. पेट्रोल फुकट जातं म्हणून शेट कुरकुरत, पण त्याला उठवत नसत.

दुपारी शेटच्या पडवीत चहा झाला. साहेब माणूस चांगला, हे मला कबूल करायला हवं. वाईट असता तर सोपं झालं असतं.

"आमच्याकडे अगदी अशीच होती," ते रावजीला सांगत होते. "लढाईत वडिलांनी विकली. मी लहान होतो. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. त्या कातड्याचा वास अजून आठवतो. चाळीस वर्षं शोधतोय मी ही गाडी, रावजी. कारखान्यातून निघाली तशी करणार तिला. मागची सीट, मागचे दरवाजे, रंगसुद्धा तोच."

"मग हौदा?"

"तो निघेल. मूळ गाडीत नव्हताच ना तो."

"आनि फळी?"

"ती पण."

रावजीने बशी खाली ठेवली. मला वाटलं, आपणच सांगून टाकावं. मी घसा खाकरला. रावजीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तोंडाशी आलेलं चहाबरोबर गिळून टाकलं.

साहेब हातपाय धुवायला विहिरीवर गेले तेव्हा तो शेटकडे सरकला. "शेट, गाडी हाय तशीच ऱ्हायली तर?"

"अरे, मांगरात कुजत पडली होती. हा देवमाणूस तिला जन्मभर जपणार आहे. आणखी काय हवं?"

"तसां नाय. लाकूड चांगलां हाय हो. फणसाचां."

"मग लाकूड तू घेऊन जा!" शेट मोठ्या मनाने म्हणाले. "साहेब काढून पाठवतील. पाठवाल ना हो?"

साहेब तोंड पुसत येतच होते, ते लगेच हो म्हणाले. "ती खिडकीची फळीसुद्धा पाठवतो. आठवण म्हणून ठेवा."

"नको, साहेब," रावजी म्हणाला. "घरात जागा नाय."

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "रावजी, फळी तरी घ्यायची होतीस."

"काय करू तिचां, मास्तर? पुडं मी नि मागं ती, म्हनून ती खिडकी. भिंतीला टेकून ठेवली तर तिच्यातनं भिंतच दिसनार."



रत्नागिरीत ट्रक उभा होता. त्यावर चढून गाडी मुंबईला जायची होती. तिथवर ती आपण स्वतः चालवणार, असा साहेबांचा हट्ट. शेटनी चाकापुढे नारळ फोडला. रावजीने देवाला गाऱ्हाणं घातलं. गाडी सुखरूप जाऊ दे, नेणाऱ्याचं भलं होऊ दे, वाटेत काही आडवं येईल ते दूर कर. दर मोसमाला तो हेच म्हणायचा. 

"या रावजी, पुढे बसा माझ्याशेजारी," साहेबांनी दार उघडून धरलं.

"मी मागं बसतो."

"अहो, मागे कशाला?"

पण तो हौद्यात चढलाही होता. मीही चढलो. रत्नागिरीत माझं काहीएक काम नव्हतं. त्या हौद्यात रावजी जन्मात कधी बसला नव्हता. बाकड्यावर हात फिरवत तो सरकत सरकत गेला आणि फळीला लागून, सीतावहिनीच्या जागी बसला.

गाडी निघाली. मागे लाल धूळ, तिच्यामागे पाली. हातखंबा जवळ आला तेव्हा रावजीने खिडकीला डोळा लावला. बराच वेळ तो तसाच होता. मग माझ्याकडे वळला.

"मास्तर, हितनं रस्ता दिसतच नाय."

"मग काय दिसतं?"

"मान. साहेबाची."

मी वाकून पाहिलं. खरंच, कॉलर आणि मान, त्यापलीकडे काही नाही.

"ती मला सांगायची," रावजी म्हणाला. "अवो हळू, पुडं म्हशी हायत. अवो हळू, वळान हाय. म्हशी नसायच्या, वळान नसायचां. मी वरडायचो तिच्यावर. मंग रत्नांग्रीला डागतरकडं नेली, चष्मा करून दिला. तर चष्मा लावून पन तिला म्हशी दिसायच्याच."

मला हसू आलं. तोही हसला, आणि हसता हसता त्याने टोपी काढून डोळ्यांवर दाबली.

"हितनं तिला काय दिसत नवतां, मास्तर. तिला रस्ता संपायला नको होता. आनि मी चष्मा करून दिला!"

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार? गाडी जोरात होती. साहेबांना तिचा वेग बघायचा असावा. हातखंब्याचा तिठा मागे पडला. आता सगळा उतार, रत्नागिरी यायला वेळ नव्हता.

रावजीने टोपी डोक्यावर नीट बसवली आणि खिडकीला तोंड लावलं.

"साहेब, जरा हळू. पुडं म्हशी हायत."

साहेबांची मान ताठ झाली. मी बाजूने डोकं बाहेर काढून पाहिलं. वळणापर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"हायत," रावजी म्हणाला.

 साहेबांनी गाडी हळू केली.