एका काट्याचं घड्याळ

ललितने लंबकाला बोटाने हलकाच धक्का दिला आणि श्वास रोखून तो मागे सरकला. खाटेच्या उशाशी, भिंतीला तारेने बांधलेल्या लाल-पिवळ्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यात एक चाक दचकल्यासारखं एक दात पुढे सरकलं. टक. मग आणखी एक. छताच्या लोखंडी पाइपावरून उतरलेली दोरी ताणली गेली आणि तिच्या टोकाला लोंबणारी वाळूची बाटली केसभर खाली आली. मग आत कुठेतरी काहीतरी अडकलं आणि सगळं थांबलं.

"ऱ्हाऊ दे भाऊ," कुसुम चुलीपाशी बसूनच म्हणाली. "लेकरंसना खेळना त्या. त्यासनं कथं घड्याय व्हस?"

"व्हई, भाभी. मागला रविवारपेक्षा जास्त चालनं."

खाटेवर बसलेल्या सरलाबाईंनी मान वाकडी करून कान दिला होता. "बंद पडनं का रे?"

"पडनं. पण चाली, माय. चालीच."

कुसुमने तव्यावरची भाकर उलटली. ते घड्याळ चालू नये असं तिला मनापासून वाटत होतं, आणि असं वाटतंय याचीच तिला भीती वाटत होती.

ललित तिचा धाकटा दीर. पर्वत पाटियाकडच्या एका पार्सलच्या गोदामात कामाला होता, तिथल्याच पोरांबरोबर खोली करून राहायचा, आणि दर रविवारी आईला भेटायला गोडादऱ्याच्या या खोलीवर यायचा. गोदामात गिऱ्हाइकांनी परत पाठवलेले जोडखेळांचे फुटके खोके पडून असत. कशात चाकं कमी, कशात विटा कमी. फेकायला काढलेला तो माल त्याने मागून घेतला आणि पिशव्या भरभरून इथे आणला. असल्या तुकड्यांचं खरंखुरं घड्याळ बनवता येतं हे त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. बाजारातल्या घड्याळाला काच असते, आईला हात लावता येत नाही. याला काच नव्हती. मिनिटाचा काटाही नव्हता. तासाचा एकच जाड काटा, आणि गोलावर बारा ठिकाणी बोटाला लागतील असे उंचवटे. बाराच्या जागी तीन उंचवटे एकत्र.

"मिनिटं लयी काय करशी, माय?" तो म्हणाला होता.

सरलाबाईंचे डोळे साखरेने गेले होते. आधी एक गेला, मग वर्षाच्या आत दुसरा. तेव्हापासून त्या दिवसभर एकच विचारत, "कितला वाजनात?" सांगितलं की गप्प बसत आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारत. त्यांना वेळेशी घेणंदेणं नव्हतं. खोलीत कुणीतरी आहे, एवढंच त्यांना ऐकायचं असे. मागच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्याची धडधड रात्रंदिवस चालू असल्यामुळे विचारायचंही मोठ्याने.

त्याच खोलीत भगवान झोपायचा. कुसुमचा नवरा, सरलाबाईंचा थोरला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात तो सकाळी आठच्या सुमाराला यायचा, चहा पिऊन भिंतीकडे तोंड करायचा, आणि डोळा लागतो न लागतो तोच आईची हाक. त्याने समजावून पाहिलं, कुसुमने समजावलं, सरलाबाई हो हो म्हणत. पण अंधारात भीती दाटून आली की विसरत.

उन्हाळ्यात त्याच्याच कारखान्यातल्या चिंधाला चालू लूमवर डुलकी लागली. त्याचा पंजा गेला. पुढच्याच आठवड्यात भगवान घरी आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत फाटलेली होती आणि हातावर लांबच लांब सालटं निघालं होतं.

"डोया लागी गया," तो एवढंच म्हणाला आणि आडवा झाला.

त्या सकाळी सरलाबाईंनी विचारलं, "कितला वाजनात?"

कुसुमने भगवानच्या हाताकडे पाहिलं. "नऊ," ती म्हणाली. आणि पुढचं तिच्या तोंडून कसं निघालं ते तिलाही कळलं नाही. "रात व्हयनी, आत्याबाई. जपी जा आत्ते."

सरलाबाई थबकल्या. "आत्तेच तर सकाय व्हयनी."

"तुम्हले झोप लागी गयी. दिन बुडी गया."

त्या निमूट आडव्या झाल्या. रात्र म्हटली की त्या हाक मारत नसत. लहानपणापासूनचा धाक असावा. भगवान चार वाजेपर्यंत झोपला. मेल्यासारखा.

मग ते दर रातपाळीला होऊ लागलं. कुसुम दार लावून घेई, खिडकीला जुनी चादर बांधी, आणि सरलाबाईंच्या वाट्याला एका दिवसात दोन रात्री येत. भगवानला अर्धं ठाऊक होतं. उरलेलं त्याने विचारलं नाही.

"दिन बारीक व्हयी गयात व," सरलाबाई म्हणत. एकदा दुपारी पत्रा तापून खोलीत भट्टी झाली होती, तर त्या अंगावरचा पदर काढत म्हणाल्या, "रातले बी कितलं उकडस." मजुरीवर आणलेल्या साडीवर खडे चिकटवत कुसुम दाराच्या फटीतल्या उजेडात बसली होती. थोड्या वेळाने खाटेवरून पुटपुटणं ऐकू आलं. सरलाबाई आपल्या भावंडांची नावं घेत होत्या, मग त्यांच्या पोरांची, मग माहेरच्या गल्लीतल्या एकेका घराची. डोकं ठिकाणावर आहे की नाही, ते त्या तपासून पाहत होत्या. कुसुमच्या हातातला खडा भलत्याच जागी चिकटला.

"माले येड लागी ऱ्हायनं, ललित," असं त्यांनीच एका रविवारी धाकट्याला सांगितलं. "दिन का रात, काही समजत नही." त्यावरून हे घड्याळ.

ते दसऱ्यानंतरच्या रविवारी चाललं. त्या दिवशी शेवटचं एक छोटं दातेरी चाक सापडत नव्हतं. ललित खाटेखाली पालथा पडून शोधत होता, सरलाबाई हाताने गोधडी चाचपत होत्या. ते चाक कुसुमच्या मुठीत होतं. केर काढताना मिळालं होतं. चाक कसलं, बिस्किटाएवढा करडा तुकडा, त्याचे दात तिच्या तळव्यात रुतत होते.

"सापडी जाई रे," सरलाबाई पोराला म्हणाल्या. "घाई नको करू. माले कथं जावानं शे?"

कुसुम खाली वाकली, पेटीमागे हात घातला आणि म्हणाली, "हाई का दख, भाऊ."

ललितने चाक बसवलं, आसांवर पेन्सिलीचं शिसं घासलं, लंबकाला धक्का दिला. टक टक टक, आणि या वेळी ते थांबलं नाही. त्याने आईचा हात धरून काट्यावर ठेवला. सरलाबाईंची बोटं गोलावरून फिरली, तीन उंचवट्यांपाशी थांबली, तिथून मोजत खाली आली.

"पाच," त्या म्हणाल्या. "पाच वाजनात." आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

पुढचा आठवडा दिवसपाळीचा होता. सरलाबाईंनी किती वाजले हे एकदाही विचारलं नाही. उलट त्याच सांगू लागल्या. सात वाजले, भगवान येईल, पाणी तापव. बाटली खाली आली की कुसुम ती पुन्हा वर चढवी. त्या केस विंचरून, पाय खाली सोडून बसत. शेजारच्या कलाबाईंना हाक मारून त्यांनी घड्याळ दाखवलं. कुसुमला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. रातपाळीचा सोमवार जवळ येत होता.

मंगळवारी सकाळी भगवान रातपाळी करून आला, झोपला. कुसुमने दार लावलं. आज काय सांगायचं ते तिला रात्रभर सुचलं नव्हतं. सरलाबाईंनी उशाकडे हात नेला, उंचवटे चाचपले.

"नऊ," त्या म्हणाल्या.

आणि कुसुमच्या तेव्हा लक्षात आलं. सकाळचे नऊ आणि रात्रीचे नऊ, काटा एकाच जागी असतो.

"हा, नऊ," ती म्हणाली. "रात व्हयनी."

सरलाबाईंची बोटं काट्यावर थोडा वेळ तशीच राहिली. मग त्यांनी हात काढून घेतला आणि भिंतीकडे वळल्या. कुसुमला हायसं वाटलं. मोरीत जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

रविवारी ललित नेहमीसारखा संध्याकाळी न येता भर दुपारीच आला. दार ढकलून आत पाऊल टाकताना तो अंधाराने गोंधळला. एका बाजूला भगवान घोरत होता, दुसऱ्या बाजूला आई पडलेली.

"माय? बारा वाजनात दुपारना, आनि तू जपेल शे?"

कुसुम हातातली साडी तशीच धरून उभी राहिली. तिच्या मांडीवरचे खडे फरशीवर सांडले.

सरलाबाई उठून बसल्या. दचकल्या नाहीत, काही विचारलं नाही. "जराशं आंग टाकेल व्हतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बोलू नको मोठ्याने. तुन्हा भाऊ जपेल शे."

ललितने आवाज खाली आणला, पण त्याचा उत्साह मावत नव्हता. खिशातून त्याने एक तबकडी काढली. अर्धी गुळगुळीत, अर्ध्या भागावर दाणे.

"घड्यायमा एक खोट ऱ्हायनी व्हती, माय. दिन शे का रात, ते समजत नही. हाई चाक बसाडस. दिन-रातमा एकच फेरा करी. हात लावशी ना, गुळगुळीत लागनं तर दिन, दाना लागनात तर रात. मंग तुले कोनलेच इचारानी गरज नही."

त्याने तबकडी आईच्या हातात दिली. सरलाबाईंनी ती दोन्ही बाजूंनी चाचपली, दाण्यांवरून अंगठा फिरवला. त्यांनी मान कुसुम उभी होती तिकडे वळवली. तिथून आवाज आला नव्हता तरी.

"बसाडू?" ललितने विचारलं.

"नको."

"काबर नको? दहा मिनिटनं काम शे."

"नको ना रे. शे तितलं पुरे." त्यांनी तबकडी त्याच्या हातात परत ठेवली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटवली. "तू जेवना का? कुसुम, त्याले वाढ."

ललित हिरमुसला. दोन घास खाऊन, संध्याकाळी पुन्हा येतो म्हणून निघून गेला. भगवान कूस बदलून पुन्हा घोरू लागला. पत्रा चांगलाच तापला होता.

कुसुम खाटेपाशी आली. ती खाली बसली आणि तिने सासूच्या पायांवर हात ठेवले.

सरलाबाईंनी पाय जवळ ओढून घेतले.

"दार उघडंच ऱ्हायनं व," त्या भिंतीकडे वळत म्हणाल्या. "लावी घे. रात शे ना."